नांगर, जहाज, विमान आणि मोटार

आपल्या कॉलेजच्या नावातला पहिला शब्द आपण दिवसातून दहा वेळा तरी उच्चारतो. स्टँडवर रिक्षावाल्याला सांगताना, घरी फोनवर बोलताना, इंटर्नशिपचा फॉर्म भरताना. त्या शब्दामागे एक जिताजागता माणूस होता हे मात्र सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. फर्स्ट इयरच्या बऱ्याच पोरांना वालचंद हे कॉलेजचे जुने प्रिन्सिपॉल वाटतात. काहींना ते कुणी देणगीदार साखर कारखानदार वाटतात. हे तसं खोटं नाही, पण फारच अपुरं आहे.

मी त्यांच्याकडे वळले ते विमानामुळे. आमच्या एरोमॉडेलिंग टीममध्ये या वर्षी एक मोठं भांडण झालं. मॉडेलचा पंख बाहेरून तयार मागवायचा, की फोम आणि फायबरग्लासचं कापड आणून वर्कशॉपमागच्या शेडमध्ये आपणच बनवायचा? तयार मागवणाऱ्यांचं म्हणणं असं की वेळ वाचतो, फिनिश चांगलं येतं आणि परीक्षकांना शेवटी विमान उडालेलंच बघायचं असतं. बनवणाऱ्यांचं म्हणणं असं की मग आपण इंजिनिअरिंगला आलो कशाला? दोन्ही बाजूंना तथ्य होतं आणि दोन्हीकडची पोरं सारखीच हट्टी होती. त्याच दिवसांत मी वालचंद हिराचंद यांच्याबद्दल वाचायला घेतलं, आणि हाच प्रश्न या माणसासमोर जन्मभर वेगवेगळ्या रूपात येत राहिला असं मला दिसलं. फक्त त्यांच्यापुढे दीड मीटरचा पंख नव्हता. आधी जहाज होतं, मग अख्खं विमान, मग मोटार.

(एक आधीच सांगून ठेवते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने बघून घ्यावं.)

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. घराणं दिगंबर जैन, दोशी आडनावाचं, मूळचं सौराष्ट्रातल्या वांकानेरचं, पण व्यापारासाठी सोलापुरात येऊन स्थिरावलेलं. कापसाचा व्यापार आणि सावकारी हा घरचा धंदा. आई लहानपणीच गेली. शाळा सोलापुरात झाली, पुढे मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज. पदवी मात्र पूर्ण झाली नाही. ज्यांचं नाव आपल्या सर्टिफिकेटवर छापून येतं त्यांच्याजवळ स्वतःची डिग्री नव्हती, हे वाचून मला जरा गंमत वाटली. बॅकलॉग असलेल्यांनी यातून सोयीचा अर्थ काढू नये.

शिक्षण सुटलं तरी पेढीवर बसून व्याजाचे हिशोब करण्यात त्यांचं मन रमेना. अशात त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक आधी रेल्वेत कारकून होते, पुढे छोटी कंत्राटं घेऊ लागले. एकाजवळ कामाची खडान्‌खडा माहिती, दुसऱ्याजवळ घरच्या पेढीचं भांडवल आणि अफाट उत्साह. फाटक-वालचंद कंपनी उभी राहिली ती अशी. सुरुवात बार्शी लाइट रेल्वेच्या एका लहानशा कामापासून झाली. मातीचा भराव, खडी, रूळ. व्यापाऱ्याच्या मुलाने उन्हात उभं राहून मजुरांचे हप्ते वाटणं हे त्या काळी घरच्यांना कसं वाटलं असेल याची कल्पना करा. पुढे ही कामं वाढत गेली. टाटा कन्स्ट्रक्शनच्या नावाखाली बोरघाटातले रेल्वेचे बोगदे झाले, तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या पाइपांचं काम झालं, सिंधू नदीवर कालाबागचा पूल झाला. सिव्हिलच्या मंडळींनी यावर स्वतंत्र लेख लिहावा, मी इथे थांबत नाही.

जहाजाकडे मात्र थांबायला हवं. पहिलं महायुद्ध संपल्यावर ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचं लॉयल्टी नावाचं जहाज विकायला निघालं होतं. युद्धात ते हॉस्पिटल म्हणून वापरलं गेलं होतं. वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सोबत्यांनी ते घेतलं आणि १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. ५ एप्रिल हा दिवस आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो तो याच प्रवासामुळे. ब्रिटिश जहाज कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून या नव्या कंपनीचा गळा आवळायचा प्रयत्न केला. सिंदिया त्यातूनही टिकली, पण हा झगडा पुढे अनेक वर्षं चालला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. लॉयल्टी विकत घेतलेलं जहाज होतं. बनवलेलं नव्हतं. माल आपला, मालक आपला, खलाशी आपले, पण जहाज परक्या गोदीतलं. मला वाटतं वालचंद यांच्या पुढच्या तीस वर्षांच्या धडपडीचं मूळ इथे आहे. आपल्याकडे पैसे टाकून वस्तू आणणाऱ्यांची कमी तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.

आता विमानाकडे येते. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं, त्या सुमाराला वालचंद मोटारीच्या कारखान्याच्या खटपटीसाठी अमेरिकेला गेले होते. परतीला सॅन फ्रान्सिस्कोहून पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या क्लिपर विमानात बसले. पाण्यावर उतरणारं हे अवाढव्य विमान बेटाबेटांवर मुक्काम करत जायचं. त्यामुळे सहप्रवाशांशी बोलायला भरपूर वेळ. त्या प्रवासात विल्यम पॉली नावाचे अमेरिकन गृहस्थ त्यांना भेटले. पॉलींचा धंदा चीनमध्ये विमानं जोडण्याच्या कारखान्याचा. अमेरिकेतून भाग आणायचे, तिथे जोडायचे, चिनी सरकारला द्यायचे. मोटारीचं गणित डोक्यात घेऊन निघालेला माणूस विमानाचं गणित घेऊन मुंबईला पोचला.

ब्रिटिश सरकारने आधी फारसा उत्साह दाखवला नाही. हिंदुस्थानात विमान बनू शकतं ही कल्पनाच त्यांना पसंत नसावी. पण १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला आणि सगळं चित्र पालटलं. ब्रिटनच्या कारखान्यांना स्वतःचीच गरज पुरवता येईना. मग परवानगी आली. जागेचा प्रश्न म्हैसूर संस्थानाने सोडवला. दिवाण मिर्झा इस्माईल यांनी पुढाकार घेतला, संस्थानाने बंगळूरला ७०० एकर जमीन दिली आणि २५ लाख रुपये भांडवल घातलं. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी नोंदली गेली आणि वालचंद तिचे अध्यक्ष झाले. वय तेव्हा ५८. विमानाचं शास्त्र त्यांना येत होतं असं कुणी म्हणणार नाही. ते कंत्राटदार होते. माणसं, मशिनं, माल आणि पैसा एका जागी एका वेळी कसे आणायचे हे त्यांना येत होतं.

पहिलं विमान हार्लो पीसी-५. दोन माणसांचं, शिकाऊ पायलटसाठीचं, अमेरिकन डिझाइनचं. भाग आणि माल अमेरिकेतून जहाजाने आले, बंगळूरला जोडले गेले आणि कंपनी नोंदल्यापासून वर्षाच्या आत पहिलं हार्लो हवेत गेलं. १९४२ मध्ये कर्टिस हॉक हे लढाऊ विमानही तिथे जोडून उडवलं गेलं.

आमच्या टीममधल्या एका मुलाने यावर लगेच नाक मुरडलं. जोडणीच ती, त्यात काय मोठं, म्हणाला. म्हणजे पंख बाहेरून मागवा म्हणणारे आणि तो एकाच माळेचे मणी, फक्त उलट्या टोकाचे. मला हे पटलं नाही. जोडणी म्हणजे नुसते स्क्रू पिळणं नसतं. पत्र्याचं विमान जोडायला आधी जिग लागतो, म्हणजे पंखाचे सगळे भाग एका ठरलेल्या जागी घट्ट धरून ठेवणारा लोखंडी सांगाडा. जिगमध्ये चूक असेल तर त्यातून निघणारा प्रत्येक पंख तेवढाच चुकीचा. मग रिव्हेटची भोकं, कडेपासून ठरावीक अंतर सोडून. मग तपासणी करणारा माणूस, जो नको म्हणाला तर काम परत. हे हातांना शिकवावं लागतं, आणि हात पुस्तक वाचून शिकत नाहीत.

हे मी इतक्या ठामपणे लिहू शकते कारण आमच्या टीमने शेवटी पंख स्वतः बनवला. थोडं त्याबद्दल सांगते, कारण पुढच्या गोष्टीला ते लागणार आहे.

फोमच्या ठोकळ्यातून पंखाचा आकार कापायला तापलेली नायक्रोम तार लागते. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना सनमायकाचे साचे, म्हणजे पंखाच्या छेदाच्या आकाराच्या पट्ट्या, ठोकायच्या. दोघांनी तारेची दोन टोकं धरायची आणि साच्यावरून एकाच वेगाने ओढायची. साच्यावर आकडे टाकलेले असतात, एकजण मोठ्याने आकडा म्हणतो आणि दोघेही त्या खुणेवर एकदम पोचतात. तार घाईने ओढली तर मध्ये मागे राहते आणि पंख मध्येच जाड होतो. फार तापली तर लागेल त्यापेक्षा जास्त फोम वितळतो. आणि एक महत्त्वाचं, हे सगळं थर्मोकोलसारख्या पॉलिस्टायरीन फोमलाच चालतं. पॉलियुरेथेन फोमला गरम तार लावायची नाही, त्याचा धूर विषारी असतो. तो चाकूने आणि पॉलिश पेपरनेच घडवायचा.

मग रेझिन. एफआरपीच्या टाक्या बनवणाऱ्या एका काकांनी आम्हाला ब्रश आणि रोलर कसा चालवायचा ते दाखवलं. त्यांची सवय पॉलिएस्टर रेझिनची. पण पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि ते थर्मोकोलला खाऊन टाकतं. तुकड्यावर एक थेंब टाकून बघा, मिनिटात खड्डा पडतो. काकांनाही तो खड्डा बघून मजा वाटली. म्हणून फोमवर इपॉक्सीच. रेझिन आणि हार्डनर सोनाराकडे असतो तशा छोट्या काट्यावर मोजायचे, अंदाजाने नाही. सांगलीचा एप्रिल तुम्हाला माहीतच आहे. भांड्यात जास्त रेझिन एकदम कालवलं की ते स्वतःच्याच उष्णतेने तापत जातं आणि भांड्यातच दगड होतो. त्यामुळे थोडं थोडं, पहाटे साडेपाचला, हॉस्टेलमधल्या बाकीच्या मुली झोपेत असताना.

आधी फोमच्या पृष्ठभागावर इपॉक्सीत मायक्रोबलून, म्हणजे काचेच्या अतिसूक्ष्म पोकळ गोळ्यांची पावडर, कालवून पातळ लेप द्यायचा. त्याने फोमची छिद्रं भरतात. तसं केलं नाही तर फोम रेझिन पीत राहतो आणि वजन वाढतं. त्यावर काचेचं कापड, त्याचे धागे पंखाच्या लांबीशी ४५ अंशात. पंख पिळवटू नये म्हणून हा कोन. वाकण्याला तोंड द्यायला मात्र लांबीच्या दिशेने सरळ धाग्यांची पट्टी लागते, तोच पंखाचा स्पार. कापड रेझिनने भिजलं की पांढऱ्याचं पारदर्शक होतं. कुठे पांढरट डाग राहिला तर तिथे हवा अडकलीय असं समजायचं आणि जुन्या प्लास्टिक कार्डाने रेटून ती बाहेर काढायची. जादा रेझिनही तसंच ओढून काढायचं. काच ताकद देते, रेझिन तिला फक्त धरून ठेवतं. जादा रेझिन म्हणजे जादा वजन. फुल बाह्या, हातमोजे आणि मास्क लागतोच, कारण घासताना उडणारी काचेची धूळ दोन दिवस अंगाला खाज आणते.

मेकॅनिकलवाल्यांना आय-बीम आठवत असेल. वरची-खालची पट्टी ताण आणि दाब घेते, मधली उभी पट्टी त्यांना एकमेकींपासून लांब ठेवते आणि शिअर सांभाळते. इथे काचेच्या दोन कातड्या म्हणजे त्या पट्ट्या आणि फोम म्हणजे मधला भाग. फोम स्वतः नखाने दबतो, कापड नुसतं असताना रुमालासारखं लोंबतं, आणि दोघे चिकटले की त्या पंखावर माणूस बसेल की काय असं वाटतं. बसू नये.

वालचंद यांच्या काळात हे तंत्र विमानात आलेलं नव्हतं. संपूर्ण काचेच्या तंतूंचं पहिलं ग्लायडर १९५७ मध्ये जर्मनीत उडालं, फिनिक्स नावाचं, आणि त्याची सुरुवात स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांच्या ग्लायडर गटातून झाली होती. विद्यार्थ्यांच्या, हे अधोरेखित करून वाचा. त्यात फोमऐवजी बाल्सा लाकूड होतं. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेत बर्ट रुटान यांनी व्हॅरीइझी आणि १९७९ मध्ये लाँग-इझी ही विमानं आणली. त्यांची युक्ती अशी की महागडा साचा करायचाच नाही. फोम तारेने कापा, त्यावरच कापड चढवा, फोम आतच राहू द्या. माणूस आपल्या गॅरेजमध्ये दोन जणांचं विमान बांधू शकतो हे त्यातून सिद्ध झालं. आणि आता बंगळूरकडे परत येऊ. वालचंद यांच्या कारखान्यानंतर चाळीसेक वर्षांनी, त्याच शहरात, नॅशनल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत प्रोफेसर रुस्तम दमानिया यांच्या टीमने लाँग-इझीवर आधारित असंच फोम आणि फायबरग्लासचं संशोधन विमान बांधलं. त्यातून हात तयार झाले आणि १९९३ मध्ये हंसा हे आपलं स्वतःचं कंपोझिट विमान उडालं. डीआरडीओच्या रुस्तम ड्रोनला दमानियांचंच नाव आहे. म्हणजे इथेही आधी दुसऱ्याचं डिझाइन घेऊन बांधणं, मग स्वतःचं. नाक मुरडणाऱ्या मुलाला मी हे सगळं वाचायला दिलंय.

१९४१ मध्ये बंगळूरला हेच घडायला लागलं होतं. हार्लो जोडणाऱ्या कारखान्यात विष्णू माधव घाटगे नावाचे तरुण शास्त्रज्ञ आले होते. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज भागातले. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांट्‌ल यांच्या हाताखाली त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली होती. ज्या प्रांट्‌ल यांचा बाउंडरी लेअर आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये परीक्षेपुरता पाठ करतो, तेच. घाटगे यांनी दहा जण बसतील असं जी-१ नावाचं ग्लायडर डिझाइन केलं. त्याचं मोठं उत्पादन कधी झालं नाही. पण परक्याच्या ड्रॉइंगवरून काम करणाऱ्या त्या शेडमध्ये आपल्या माणसाचं ड्रॉइंग टेबलावर आलं, तेही कारखाना नुकता उभा राहिलेला असताना. वालचंद यांना जे हवं होतं त्याची ही सुरुवात होती.

आणि इथेच कारखाना त्यांच्या हातातून गेला.

एप्रिल १९४१ मध्ये हिंदुस्थान सरकारने कंपनीत एक तृतीयांश हिस्सा घेतलाच होता. पुढे जपान युद्धात उतरला, फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि बंगळूर एकदम आघाडीजवळचं शहर झालं. २ एप्रिल १९४२ रोजी वालचंद आणि इतर प्रवर्तकांचे हिस्से सरकारने विकत घेतल्याचं जाहीर झालं. म्हैसूर संस्थानाने आपला हिस्सा विकला नाही, पण कारभारावरचा हक्क सोडला. १९४३ मध्ये कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या ताब्यात गेला आणि तिथे विमानं बनवण्याऐवजी दुरुस्तीचं काम मुख्य झालं. नोंदणीपासून मोजलं तर पुरते सोळा महिनेसुद्धा वालचंद या कंपनीचे मालक राहिले नाहीत.

त्यांना मोबदला मिळाला. तेव्हा त्यांना नुकसान झालं म्हणून रडण्यात अर्थ नाही, आणि त्यांना संत बनवण्यातही नाही. ते धंदेवाईक माणूस होते, युद्धाच्या ऑर्डरींवर कारखाना उभा राहील हा हिशोब त्यांनी केलाच होता. युद्धाने दिलेली ऑर्डर युद्धानेच काढून घेतली. पण नुसता नफाच हवा असता तर साखर पुरेशी होती. इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर त्यांनी उसाची शेती आणि साखर कारखाना उभा केला होता, तेच आजचं वालचंदनगर. आपल्याकडच्या माणसाला ऊस आणि कारखाना मिळाला की तो बहुतेक तिथेच थांबतो. हे थांबले नाहीत.

मी साताऱ्याची, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कोरेगाव तालुक्यात पाडळीला, म्हणजे सातारारोडला, धनजीशा कूपर यांचा कारखाना होता. कूपर म्हणजे १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री झालेले साताऱ्याचे पारशी गृहस्थ. लोखंडी नांगर आणि ऑइल इंजिनं तिथे बनायची. हा कूपर कारखाना १९४० च्या सुमाराला वालचंद यांच्या उद्योगसमूहात आला. म्हणजे बंगळूरला विमानाची जमीन बघितली जात होती त्याच काळात हा माणूस सातारारोडला नांगराच्या फाळाचाही विचार करत होता. सुट्टीला जाताना किर्लोस्करवाडी स्टेशन लागलं की आपण सगळे किर्लोस्करांच्या नांगराची आठवण काढतो. सातारारोडची आठवण कमी लोक काढतात.

विमान गेलं तरी बाकीचं चालूच होतं. विशाखापट्टणमला जहाज बांधणीच्या गोदीचा पाया २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते घातला गेला. १४ मार्च १९४८ रोजी तिथे बांधलेलं जलउषा जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. लॉयल्टी निघाल्याला तेव्हा एकोणतीस वर्षं होत आली होती. घेतलेल्या जहाजापासून बांधलेल्या जहाजापर्यंत एवढा काळ लागला. मोटारीचा कारखाना, ज्यासाठी ते मुळात अमेरिकेला गेले होते, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स म्हणून मुंबईत सुरू झाला. आधी अमेरिकन गाड्यांची जोडणी, मग हळूहळू भाग इथे बनवणं. पद्मिनी टॅक्सीमुळे हे नाव आपल्या आईवडिलांच्या पिढीच्या ओळखीचं आहे.

कामाच्या या रगाड्यात शरीर थकलं. १९४९ मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी उद्योगांतून अंग काढून घेतलं. पत्नी कस्तुरबाई त्यांची शुश्रूषा करत होत्या.

ते असे अंथरुणाला खिळलेले असताना, ऑगस्ट १९५१ मध्ये, बंगळूरच्या त्याच धावपट्टीवरून एचटी-२ हे विमान पहिल्यांदा उडालं. दोन माणसांचं, पूर्ण धातूचं, शिकाऊ पायलटसाठी. हार्लोसारखंच काम करणारं, पण डिझाइन घाटगे आणि त्यांच्या टीमचं, इथलं. भारतात डिझाइन होऊन भारतातच बनलेलं आणि हवाई दलाच्या शिकवणीत वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं हे विमान. कारखाना सरकारचा होता. वालचंद यांचा त्यात एक शेअरही उरलेला नव्हता.

८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला ते गेले. वय ७०.

आपलं कॉलेज तेव्हा होतं, पण या नावाचं नव्हतं. धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये न्यू इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून ते सांगलीत सुरू केलं होतं. पुढे वालचंद यांच्या स्मरणार्थ निधी मिळाला आणि १९५५ मध्ये कॉलेजला त्यांचं नाव देण्यात आलं.